पुस्तक बोलतं होण्याआधी

पुस्तकाचा कणा कापायचा की नाही, यावरून आमच्या टेबलावर पहिला वाद होतो. न कापता स्कॅनरवर पालथं घातलं तर झाकण नीट बसत नाही, शिवणीकडची अक्षरं वाकडी आणि काळपट उमटतात. कापलं तर सुटी पानं भराभर निघतात. पण पुस्तकावर दाखल क्रमांक असतो, आणि दाखल क्रमांकाचं पुस्तक कापू देणारा ग्रंथपाल मी अजून पाहिलेला नाही. मग औरंगपुऱ्यातल्या दुकानातून दुसरी प्रत आणायची. क्रमिक पुस्तक असेल तर ती मिळते. जुना संदर्भग्रंथ असेल तर दुकानदार मान हलवतो आणि आम्ही पुन्हा वाकड्या अक्षरांकडे वळतो.

छापील पुस्तकं ऐकता येतील अशी करण्याचं हे काम छत्रपती संभाजीनगरमधल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चालतं. मी तिथे मुद्रितं तपासायला जातो. वाचक बहुतेक बीड, जालना, धाराशिवकडून शिकायला आलेले. कुणी पूर्ण दृष्टिहीन, कुणी अल्पदृष्टी, आणि एक-दोघं असे की त्यांना दिसतं सगळं, पण हातात पुस्तक धरवत नाही, पान उलटता येत नाही. त्यांना ग्रंथालय वाचनयंत्र घरी देतं: बोलकी पुस्तकं वाजवणारा, ठळक बटणांचा डेझी प्लेअर, नाहीतर पडद्यावरचं मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर चालू करून ठेवलेला टॅब. पाहुणे आले की यंत्रांचं कपाट उघडून दाखवतात, फोटो निघतो. यंत्र घ्यायला तीन कोटेशनं आणि एक सही पुरते. त्यात घालायचं मराठी पुस्तक मात्र कुठल्याच कोटेशनमध्ये येत नाही.

एम.ए.च्या एका विद्यार्थ्याने पेन ड्राइव्हवर नोट्सची पीडीएफ आणली. पडद्यावर स्वच्छ मराठी मजकूर होता, आम्ही खुशीत तो यंत्रात टाकला. मुलाने इअरफोन लावला, दोन क्षण ऐकलं आणि काढून माझ्यापुढे धरला. ‘‘सर, हे काय म्हणायलंय?’’ यंत्र इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम सलग वाचत सुटलं होतं. कारण साधं आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्याकडचं डीटीपी नंतरही कितीतरी वर्षं पेजमेकर या सॉफ्टवेअरवर चाललं, आणि पेजमेकरला युनिकोड कळत नसे. जुन्या फॉण्टांमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवलेलं असतं. डोळ्याला ‘क’ दिसतो, आत भलतंच काही असतं. छपाईला त्याने काही बिघडत नाही. कानाने वाचणाऱ्याच्या हाती फक्त आतलं तेवढं लागतं.

अशा फाइलसाठी फॉण्ट ओळखून त्याचा परिवर्तक शोधावा लागतो, आणि तो चालला तरी जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी एक घर पुढे नाहीतर मागे जाऊन बसते. कित्येकदा पीडीएफची पानं छापून काढून स्कॅन केलेली परवडतात. संगणकात जन्मलेला मजकूर कागदावर उतरवून पुन्हा संगणकात आणायचा! हा उद्योग बाहेरच्या माणसाला सांगितला तर तो आमच्या डोक्याबद्दल शंका घेईल.

स्कॅननंतर ओसीआर. यंत्र पानाच्या चित्रातून अक्षरं वेचतं, आणि इथून माझं काम सुरू होतं. देवनागरी ओसीआर पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलं आहे, तरी त्याच्या खोडी ठरलेल्या आहेत. ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’, ‘ख’चा ‘रव’. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र गळून ‘दुसया’ उरतो. अनुस्वार धुळीच्या कणासारखा पुसला जातो, आणि कधी खरा धुळीचा कण अनुस्वार होऊन बसतो. ओळीच्या शेवटी तोडलेला शब्द तुटलेलाच राहतो. पानाच्या माथ्यावरचं प्रकरणाचं नाव दर पानाला वाक्याच्या मधोमध घुसतं: शेतसारा कुणी वसूल करायचा हे सांगता सांगता यंत्र मध्येच ‘प्रकरण चौथे’ म्हणून मोकळं होतं. डोळसाची नजर असला अडथळा ओलांडून जाते. कानाला तशी सोय नाही, जे येईल ते ऐकावं लागतं.

शुद्धलेखनाच्या चुका मात्र मुलं चटकन माफ करतात. ‘मूळ’ ऱ्हस्व की दीर्घ, कानाला फारसा फरक पडत नाही. त्यांचा राग पृष्ठांकांवर. सुरुवातीला आम्ही पृष्ठांक कचरा समजून काढून टाकत होतो. एका मुलीने येऊन सांगितलं की प्रबंधिकेत संदर्भ देताना पान लिहावं लागतं, तिने ते कुठून आणायचं? तेव्हापासून छापील पान जिथे बदलतं तिथे खूण घालतो. ती एरवी ऐकू येत नाही, विचारली की सांगते. तळटिपा प्रकरणाच्या शेवटी नेतो आणि जाण्या-येण्याचा दुवा ठेवतो. शीर्षकं खरी शीर्षकं म्हणून नोंदवतो, नुसती ठळक करून भागत नाही, कारण प्लेअरच्या बाणाने एका प्रकरणावरून दुसऱ्यावर उडी मारता येते ती त्या नोंदीवरच.

मग ऐकून बघायचं. सवय झालेली मुलं इतक्या वेगात ऐकतात की मला एकही शब्द लागत नाही. आवाज यांत्रिक आहे याची तक्रार आमच्यासारखे नवखेच करतात.

हे सगळं कायद्यात बसतं का, असं प्राध्यापक दबक्या आवाजात विचारतात. बसतं. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. अपंग व्यक्तीला वाचता येईल अशी प्रत ना-नफा तत्त्वावर करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. फक्त ती बाजारात फिरणार नाही याची काळजी घ्यायची. अशाच प्रतींविषयीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश करारावर २०१४ मध्ये सर्वांत आधी शिक्कामोर्तब करणारा देश भारतच. अडचण दुसरीकडे आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ने उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखल्या. पण पुस्तकं आणि साधनं मोफत देण्याचं त्याच्या १७व्या कलमातलं बंधन वयाच्या अठरा वर्षांपर्यंतचं आहे. म्हणजे मुलगा महाविद्यालयात स्थिरावतो न स्थिरावतो तोच ते संपतं. जागा दिली, वाचायचं काय ते तुमचं तुम्ही बघा, असा हा व्यवहार आहे.

यंत्र आणि वाचन यांत अंतर असतं हे अमेरिकेतल्या संस्थांना दाव्या-तक्रारींनी शिकवलं. २००९ मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने पाठ्यपुस्तकांसाठी किंडल डीएक्स वापरून पाहायचं ठरवलं. ते यंत्र पुस्तक मोठ्याने वाचायचं, पण त्याचा मेनू बोलत नव्हता; पुस्तक उघडण्यापर्यंतच अंध विद्यार्थी पोचू शकत नव्हता. अंधांच्या संघटनांनी दावा लावला, जानेवारी २०१०मध्ये तडजोड झाली. पुढे २०१२ साली सॅक्रॅमेंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने घरी द्यायला घेतलेल्या ई-रीडरवरून असाच प्रश्न उठला. अंधांना वापरता येणार नाही असं यंत्र पुन्हा घेणार नाही, हे कबूल करून ग्रंथालयाला किमान १८ सुगम यंत्रं घ्यावी लागली. तिथे भांडण यंत्राशी होतं, कारण इंग्रजी अक्षरं आधीच जागेवर होती. आपलं त्याच्या एक पायरी अलीकडे आहे.

देवघेवीच्या खिडकीवरचे घोळ वेगळेच. यंत्राला पुस्तकासारखाच दाखल क्रमांक, पण आठ दिवसांची मुदत त्याला लावता येत नाही. परीक्षेपर्यंत द्यावं लागतं. परत आलं की आधीच्या वाचकाच्या खुणा पुसायच्या, चार्जर आणि मेमरी कार्ड मोजून घ्यायचं, चालू-बंदच्या बटणावर चिकटवलेला उंच ठिपका निघाला नाही ना हे बोटाने पाहायचं. इअरफोन ज्याचा त्याने आणायचा. एका ग्रंथालयात यासाठी बारीक टायपातला छापील अर्ज होता, आणि तो कुणाकडून तरी वाचून घेतल्यावर खाली अंगठा मागत. पदवीधर मुलाकडे अंगठा! ओळीवर ठेवायची खाच पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी असली की तो व्यवस्थित सही करतो. त्या पट्टीला खर्च काहीच नाही.

तयार झालेली फाइल आमच्या कपाटात पडून राहिली तर शेजारच्या जिल्ह्यातलं महाविद्यालय तेच पुस्तक पुन्हा पालथं घालणार. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं ते मुख्यतः यासाठीच: एकाने केलेलं काम सगळ्यांना मिळावं. म्हणून नवी मागणी आली की आम्ही आधी तिथे शोधतो. कथा-कादंबरी पुष्कळदा सापडते. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचं, एकाच विद्यापीठात लागलेलं मराठी पुस्तक सापडणं अवघड.

सध्या टेबलावर अर्थशास्त्राचं पुस्तक आहे. त्यात कोष्टकं आहेत, काही आडवी छापलेली. कोष्टक कानाने वाचायचं तर प्रत्येक आकड्याबरोबर रकान्याचं नाव यायला हवं, म्हणजे ते हाताने नव्याने मांडायचं. आलेखांचं वर्णन कुणी करायचं हेही ठरलेलं नाही. विषयाच्या प्राध्यापकाने करावं असं माझं मत, ग्रंथपाल म्हणतात ते परीक्षेनंतरच सापडतील. मुलाला पहिली तीन प्रकरणं सोमवारी हवी आहेत. तिसऱ्यात आलेख नाहीत, तिथून सुरुवात केली आहे.