छर्रा शिशाचा की पोलादाचा?

बदक दाणे दळण्यासाठी खडे गिळते. शिकाऱ्यांच्या बंदुकीतून सुटून पाण्याच्या तळाशी पडलेला शिशाचा छर्राही या खड्यांसोबत पोटात जातो. दाणे दळणाऱ्या पेषणीत तो झिजतो आणि विष रक्तात भिनते. म्हणून अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे बंद केले, पोलाद आले. पोलाद हलके (घनता ७.८, शिशाची ११.३), त्यामुळे छर्रा मोठा घ्यावा लागतो, शिवाय कठीण, बंदुकीच्या जुन्या नळ्यांना घातक. त्याच वर्षी आपल्याकडे भारतात वन्यजीव कायद्याच्या दुरुस्तीने परवान्याची हौशी शिकारच संपली. तेव्हा विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयावर शिसे की पोलाद हा वाद गैरलागू. बदकावर झाडलेला कुठलाही बार गुन्हाच. मासेमारीच्या जाळ्या-गळाला लावलेले शिसे मात्र तुटले की तळाशीच जाते. ब्रिटनने गळाच्या छोट्या शिसे-वजनांची विक्री १९८७ मध्येच थांबवली. तुटलेली वजने पाण्यात टाकू नका.