विवाहित नोकरदार आणि पगारांतील करकपात

भोसरीच्या कारखान्यांत पतिपत्नी दोघेंही नोकरीस असलीं, तरी विवाहामुळें पगारांतील प्राप्तिकराची कपात कमी होत नाहीं. १९५५ च्या अंदाजपत्रकांत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनीं विवाहितांस २,००० व अविवाहितांस १,००० रुपयांची करमुक्त मर्यादा ठरविली होती. तो भेद आतां उरलेला नाहीं. दोघांचा हिशेब स्वतंत्र. निवड करावयाची ती जुन्या व नव्या करपद्धतींतून. मालकास कांहीं न कळविल्यास नवी पद्धत लागू होते. २०२५-२६ सालापासून तींत, केवळ पगाराचेंच उत्पन्न असल्यास, १२,७५,००० रुपयांपर्यंत कर पडत नाहीं. पगार त्याहून अधिक असून गृहकर्जाचें व्याज, विमा, घरभाडें असा खर्च असेल, तर वर्षारंभींच प्रत्येकानें दोन्ही पद्धतींनीं आकडेमोड करावी. विवरणपत्र भरतांना निवड बदलतां येते खरी. परंतु तोंवर घरखर्चाचा पैसा सरकारजमा होऊन बसतो.