साडेतीन इंचांत काय काय मावणार?

व्हिजिटिंग कार्ड ही तशी दोन बोटांत धरायची वस्तू. पण ते करून घ्यायला येणारी मंडळी सोबत अख्खं दुकानच घेऊन येतात. मालकाचं नाव, वडिलांचं नाव, धाकट्या भावाचं नाव, चार फोन नंबर, कुलदैवताचा फोटो, ‘आमच्याकडे’ म्हणून सुरू होणारी पंधरा ओळींची यादी. आणि उरलेल्या जागेत, “मॅडम, जरा झक्कास डिझाईन टाका.” उरलेली जागा कुठे आहे, हे त्यांनीच मला दाखवावं!

बेळगावात डीटीपीचं काम करता करता माझी पंचवीस वर्षं गेली. कार्डाचा आपल्याकडचा नेहमीचा आकार साडेतीन इंच बाय दोन इंच. त्यातही कडेची तीन-चार मिलिमीटर जागा कटिंगवाल्याच्या भरवशावर सोडून द्यायची. म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारते तो रंगाचा नसतो. हे कार्ड तुम्ही कुणाच्या हातात देणार, एवढंच विचारते.

आपल्या भागात या प्रश्नाला फार महत्त्व आहे. उद्यमबागेतल्या कारखानदाराचं कार्ड पुण्याला जातं, कोइमतूरलाही जातं. त्याला इंग्रजी पुढे हवं. गणपत गल्लीतल्या कापड दुकानात चंदगडचं गिऱ्हाईक मराठी वाचतं, बैलहोंगलचं कन्नड वाचतं, आणि गोव्याहून लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी दुकानाचं नाव आणि गल्ली तेवढी बघतात. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड असावी असा नियम २०२४ पासून कर्नाटकात कायद्याने आला. तो पाटीचा. कार्डाचं गणित वेगळं, ते ज्याच्या हाती पडणार त्याला वाचता यायला हवं.

मात्र तिन्ही लिप्या एकाच बाजूला कोंबल्या की कुठलीच नीट वाचता येत नाही. इंग्रजी अक्षरं लहान केली तरी तग धरतात. आपल्या देवनागरीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. कन्नडला तर जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लोंबतो. दोन ओळींत मोकळी जागा सोडली नाही तर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. एकाच मापाच्या टाइपात मराठी इंग्रजीपेक्षा बारीक दिसते, म्हणून मी ती दीड-दोन पॉइंट वाढवते. पुढच्या बाजूला दोन लिप्या, मागे तिसरी, हा माझा साधा तोडगा. गर्द रंगावर पांढरी बारीक अक्षरं मागितली तर सरळ नाही म्हणते, कारण छपाईत शाई पसरते आणि मात्रा बुजतात. अक्षराला स्वतःचा चेहरा असतो, हे कमल शेडगे यांनी केलेली मराठी नाटकांची नावं ज्यांनी वर्तमानपत्रांत पाहिली त्यांना सांगायला नको. तसा चेहरा असलेलं एक नाव कार्डावर पुरतं. बाकी वेलबुट्टी लग्नपत्रिकेत शोभते.

गावाचं नाव हा आणखी एक नाजूक विषय. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी ‘बेळगावी’ झालं. मराठी माणूस मराठीत ‘बेळगाव’च लिहितो, मीही लिहिते. इंग्रजी पत्त्यात मात्र पार्सल, बँक आणि जीएसटीच्या कागदांशी जुळणारं नाव ठेवा असं सुचवते. यावर माझ्या टेबलाशी वाद झाले आहेत, चहाही झाला आहे. लँडलाईन असेल तर आपला कोड ०८३१ आणि गोव्याचा ०८३२, तेवढा एक आकडा डोळ्यांत तेल घालून बघावा. मोबाईल नंबर पाच-पाच आकड्यांत तोडून लिहिला की वाचून सांगायला सोपा जातो.

देवाच्या फोटोबद्दल मी गिऱ्हाइकांना सांगत असे की कार्ड पायदळी येतं, कचऱ्यात जातं, बरं दिसत नाही. त्यावर खडेबाजारातल्या एका काकांनी मला निरुत्तर केलं. म्हणाले, “म्हणून तर घालायचं! देव असला की कुणी टाकत नाही.”

पण कार्डावर खरी ओढाताण होते ती नावावरून. दोन वर्षांपूर्वी वडगावहून एक जोडपं आलं होतं. वहिनी घरी पुरणपोळ्या, चकल्या, लाडू करून ऑर्डरी घेतात. भावजींनी कागदावर मजकूर लिहूनच आणला होता: वर स्वतःचं नाव, खाली ‘प्रोप्रायटर’, मोबाईलही स्वतःचाच. वहिनींचं नाव कुठेच नाही. मी विचारलं, “पोळ्या कोण करतं?” “हीच की,” भावजी म्हणाले. “पण फोनवर व्यवहार बोलायचा म्हणजे माणूस लागतो. उद्या कुणी रात्री-अपरात्री फोन केला तर?”

त्यांची काळजी अगदीच खोटी नव्हती. बाईचा नंबर बाजारात फिरायला लागला की नको ते फोन येतात, हे मीही भोगलं आहे. वहिनी इतका वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, “ह्यांना फोन येतो, हे मला विचारतात, परत त्यांना सांगतात. तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे जातंय.” आणि थोड्या वेळाने, “शंभर पोळ्यांना डाळ किती लागते ते तरी ह्यांना कुठं ठाऊक आहे?” भावजी हसले, पण कागद काही सोडेनात.

शेवटी मी कागदावर काढून दाखवलं. वर वहिनींचं नाव, त्याखाली ‘पुरणपोळी आणि फराळ’, एवढंच. नवीन सिमकार्ड घ्यायचं, तो नंबर फक्त ऑर्डरीचा, आणि त्यापुढे ‘सकाळी १० ते संध्याकाळी ७’. मागे भावजींचं नाव, ‘घरपोच सेवेसाठी’ म्हणून त्यांचा नंबर. भावजी बराच वेळ बघत राहिले. नाव मागे गेलं हे त्यांना लागलं असणार. वहिनींनी कागद आपल्याकडे ओढला आणि ‘सौ.’ खोडलं. का, ते मी विचारलं नाही. पुढच्या दिवाळीआधी त्या दुसऱ्या हजार कार्डांसाठी एकट्याच आल्या. वेळेची ओळ तशीच ठेवायला सांगितली आणि भावजींचा नंबर थोडा मोठा करायला.

कागदाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तीनशे जीएसएमचं आर्ट कार्ड बहुतेकांना पुरतं. चकचकीत लॅमिनेशनवर पेन चालत नाही आणि आपल्याकडे कार्डाच्या मागे भाव, माप, तारीख लिहून द्यायची पद्धत आहे. तेव्हा निदान मागची बाजू साधी ठेवा. संगणकाच्या पडद्यावरचा झगझगीत निळा आणि केशरी रंग चार शाईंच्या छपाईत मळकाच उतरतो, त्याबद्दल प्रेसवाल्याशी भांडू नये.

आता सगळ्यांना क्यूआर कोड हवा असतो. १९९४ मध्ये जपानात मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला निघालेली ही चौकट आज भाजीवाल्याच्या गाड्यावर आहे. कार्डावर घालायची तर निदान दोन सेंटिमीटरची, फिक्या रंगावर गडद आणि भोवती कोरी जागा सोडून घाला. ती पैसे देण्याची आहे की पत्त्याची, हेही शेजारी लिहा.

आणि प्रूफ हातात आलं की सही करण्याआधी माझ्यासमोर बसून प्रूफवर दिसतो तोच नंबर आकडा आकडा बघत फिरवा. तुमचा फोन वाजला तरच मी फाईल प्रेसला पाठवते.