हाताला लागलेली राळ

फुटलेल्या कपाचा कान जोडावयाचा असो की फळीतील भेग बुजवावयाची असो, अॅराल्डाइटच्या दोन नळ्या आता कित्येक घरांत आढळतात. एकीत इपॉक्सी राळ असते, दुसरीत तिला घट्ट करणारे द्रव्य. डिंक वाळतो तो त्यातील पाणी उडून गेल्यामुळे. म्हणून पाणी लावताच तो पुन्हा ओला होतो. इपॉक्सीचे तसे नाही. ती वाळत नाही, पालटते. दोन्ही द्रव्यांचा रासायनिक संयोग होऊन त्यांचे रेणू जाळ्यासारखे गुंततात, आणि हे जाळे एकदा पुरे विणले गेले म्हणजे ते विरघळविण्याजोगे काही घरात सापडत नाही. तेव्हा जे पुसावयाचे ते त्यापूर्वीच पुसले पाहिजे.

हाताला राळ लागताच प्रथम ती कोरड्या फडक्याने टिपून घ्यावी; मग साबण व कोमट पाणी. एकदा धुऊन न भागल्यास पुन्हा धुवावे. रंगकामाच्या सवयीने पुष्कळ कारागीर थिनरची किंवा अॅसिटोनची बाटली उचलतात, आणि चूक होते ती येथेच. द्रावक त्वचेवरील नैसर्गिक तेल काढून टाकतो, राळ पातळ करतो आणि तिला कातडीत शिरावयास वाट करून देतो. आरंभी काहीच जाणवत नाही. पुढे केव्हातरी, कधी काही वर्षांनीही, खाज सुटते, चट्टे उठतात. शरीराला अशी वावडी एकदा जडली की ती बहुधा जन्मभर राहते. मग लेशमात्र स्पर्शही पुरतो, आणि हातात कसब असूनही धंदा सोडण्याची पाळी येते. नायट्रिल रबराचे हातमोजे त्या मानाने फार स्वस्त पडतात. कातडीवर घट्ट झालेला ठिपका पात्याने खरवडू नये. वरची त्वचा झडते तसा तोही काही दिवसांत निघून जातो.

मेजाची गोष्ट निराळी. तेथे ओली राळ पुसल्यावर अॅसिटोनचा बोळा फिरविण्यास हरकत नाही. मात्र खिडकी उघडी हवी, जवळ विस्तव नको, आणि मेजाला पॉलिश असेल तर आधी एखाद्या कोपऱ्यात पाहून घ्यावे, कारण राळेबरोबर पॉलिशही निघते. घट्ट झालेला थर गरम हवेने मऊ करून पातळ पट्टीने खरवडावा. अर्धवट घट्ट झालेली राळ पॉलिशपेपरने घासणे टाळावे. तिची धूळही तितकीच बाधते.

कामापूर्वी मेजावर पॉलिथिनचा कागद अंथरला तर यातले बरेचसे टळते. त्याला ही राळ धरत नाही. घट्ट झालेले थेंब पापुद्र्यासारखे सुटून येतात.