हाडांचं पेव

श्रोतेहो, माहूरगडावर रेणुकामातेच्या पायऱ्या चढणाऱ्या बायकांत पन्नाशी उलटलेल्या, पाठीतून वाकलेल्या कितीतरी दिसतात. "वय झालं," असं म्हणून आपण मोकळे होतो. पण त्यामागं हाडांची झीज असू शकते.

हाड दगडासारखं निर्जीव नसतं. जुनं हाड पोखरणाऱ्या आणि नवं भरणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी त्यात जन्मभर खपत असतात. पोखरणाऱ्यांना आवर घालतं ते इस्ट्रोजेन हे संप्रेरक. पाळी जाण्याच्या सुमारास ते घटतं आणि पुढली काही वर्षं झीज वेगानं होते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयही काढलं, तर तिशीतल्या बाईचीही हाडं झिजू लागतात.

ही झीज दुखत नाही. बहुधा घसरून मनगट मोडल्यावरच कळते. मग आधी ओळखावी कशी? ज्वारीचं पेव आठवा. आत धान्य किती, ते वरून दिसत नाही. दोन गोष्टी विचाराव्या लागतात: शिल्लक किती, आणि उपसा किती?

शिल्लक सांगते ती डेक्सा ही क्ष-किरण तपासणी. तरुण, निरोगी स्त्रीच्या सरासरीशी ताडून ती आकडा देते. तो उणे २.५ किंवा त्याखाली गेला, तर अस्थिविरलता समजावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९४ मध्ये ठरवलं. उपसा सांगतात ते रक्तातले निदर्शक. पोखरलेल्या हाडातल्या प्रथिनाचे तुकडे 'सी-टी-एक्स' तपासणीत मोजतात; नवी भर 'पी-वन-एन-पी' सांगते. नुसत्या निदर्शकांवरून निदान होत नाही. पण औषध लागू पडतं की नाही, हे ते तीन ते सहा महिन्यांत दाखवतात. डेक्सात तो फरक दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात.

आणि रक्तातलं कॅल्शियम बरोबर आलं म्हणजे हाडं ठीक, असं समजू नका. रक्तात ते कमी पडलं, की शरीर हाडांतूनच काढून पुरवतं.

उंची घटली, किरकोळ पडण्यानं हाड मोडलं, किंवा पाळी चाळिशीआधीच गेली, तर डॉक्टरांना जरूर विचारावं. ज्वारीत कॅल्शियम थोडंच असतं. म्हणून भाकरीबरोबर दूध-ताक, तीळ, शेवग्याचा पाला असावा. अंगावर ऊन घ्यावं, चालणं सोडू नये.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे पेव भरतं ते लहानपणापासून तिशीपर्यंत. वर्गातल्या मुलींना दूध मिळतं का, मैदानावर उन्हात खेळायला मिळतं का, एवढं आजच पाहा.