ओल्या पाटीचा डोंगर

शाळेत ओल्या फडक्यानं पुसलेली पाटी क्षणभर काळीभोर दिसायची आणि वाळली की पुन्हा राखाडी व्हायची. वेल्समधल्या लानबेरिस गावासमोरचा एलिदिर वाउर हा ९२४ मीटर उंचीचा डोंगर हाच खेळ दिवसातून कितीदा तरी खेळतो, कारण तो त्याच दगडाचा आहे. पेरिस तळ्याच्या काठापासून वर नजर जाईल तिथवर तो पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला दिसतो. ही डिनॉर्विगची स्लेटची खाण. कोरड्या दिवशी सगळी उतरण एकसुरी करडी. एक सर येऊन गेली की त्याच दगडातून निळा, जांभळा, मधूनच हिरवट रंग वर येतो.

म्हणून इथं कॅमेरा घेऊन येणाऱ्यानं पावसाला कंटाळू नये. ओला दगड चकाकतो आणि फोटोत पांढरे डाग पडतात. पोलरायझर फिल्टर फिरवला की ती चकाकी उतरते आणि खालचा जांभळा रंग उघडा पडतो. आभाळ मात्र शक्यतो चौकटीबाहेर ठेवावं. काळा दगड आणि फटफटीत ढग एकत्र आले की दोन्हींपैकी एकाचा बळी जातोच.

१७८७ मध्ये इथं पद्धतशीर खाणकाम सुरू झालं. भरभराटीच्या काळात तीन हजारांहून अधिक माणसं या डोंगरावर राबत होती. सुरुंगानं फोडलेला दगड खाली यायचा आणि कारागीर छिन्नी-हातोड्यानं त्याचे पापुद्रे सोडवायचे. छपरांच्या या दगडी कौलांच्या मापांना डचेस, काउंटेस, लेडी अशी नावं होती. चोवीस इंच लांब आणि बारा इंच रुंद ती डचेस. दिवसभर सरदारणींची नावं घेत काम करणाऱ्या या माणसांची छाती मात्र दगडाच्या भुकटीनं भरत होती. एक टन कौलांमागे साधारण दहा टन दगड वाया जायचा. आज डोंगरावरून ओघळल्यासारखे दिसणारे प्रचंड ढीग त्याचेच आहेत. फोटोत ते नैसर्गिक दरडीसारखे दिसतात. त्यातला एकेक तुकडा कुणीतरी हातात घेऊन बाजूला टाकलेला आहे, हे पाहणाऱ्याला कळेल असा फोटो काढणं फार अवघड.

ते सर्वांत जवळून कळतं ते अँगलसी बराकींपाशी. समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकीत अकरा घरं. अँगलसी बेटावरचे कामगार सोमवारी पहाटे आठवड्याची शिदोरी घेऊन यायचे आणि शनिवारी दुपारी घरी परतायचे. वीज नाही, शौचालय नाही. १९४८ मध्ये आरोग्य खात्याच्या तपासणीनंतर ही घरं राहण्यास अयोग्य ठरली आणि रिकामी झाली. छपरं गेली, भिंती आणि चुलाणी उरली. खाणीच्या वरच्या एका टप्प्यावर तर कामगारांचे कोट आणि बूट पुढं कित्येक वर्षं होते तिथंच राहिले.

ऑगस्ट १९६९ मध्ये खाण बंद पडली. यंत्रसामग्री लिलावात निघाली, पण तळ्याकाठची १८७० ची कर्मशाळा काही जणांच्या खटपटीमुळे वाचली आणि १९७२ मध्ये तिचं संग्रहालय झालं. तिथलं पाणचक्र पंधरा मीटरहून अधिक व्यासाचं आहे. डोंगराच्या पोटात १९८४ पासून जलविद्युत केंद्र चालतं. बाहेरून त्याचा मागमूसही लागत नाही. २०२१ मध्ये वायव्य वेल्सचा हा सारा स्लेट-प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. याच भागात ग्रोस्लोन इथं १८६१ मध्ये मुख्यतः शाळेच्या पाट्या बनवण्यासाठी एक कारखाना निघाला होता, हे वाचल्यावर मला हा डोंगर एकदम ओळखीचा वाटला.

बँगोर स्थानकावरून लानबेरिसला बस येते. संग्रहालय उघडं आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्यावं. खाणीतून जाणारी पायवाट खुली आहे. कुंपणापलीकडचे टप्पे खुले नाहीत. तिथला दगड सुटा आहे, कडे ढासळतात. चांगल्या चौकटीसाठी कुंपण ओलांडणाऱ्यांची मला चीड येते, कारण त्याची काही गरजच नाही. बराकींच्या मधल्या बोळात पावसात उभं राहावं. दोन्ही बाजूंना उघडी दारं, आत विझलेली चुलाणी, आणि बोळाच्या टोकाला ढगात अर्धे बुडालेले डोंगर.