एका वेळी तीन भरतकामं

"आधी एक पूर्ण कर, मग दुसरं घे" हा सल्ला मला कधीच पटला नाही. मात्र कामं एकमेकांपासून वेगळी हवीत.

कसुतीत कापडाचे धागे मोजायचे, गाठ मारायची नाही आणि गवंती टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. ते काम सकाळच्या उजेडातलं. रात्री टीव्हीसमोर कांथाचा धावदोरा बरा, नजर हलली तरी फार बिघडत नाही. प्रवासात क्रॉस स्टिचचा छोटा तुकडा. तीन कसुत्या एकदम काढल्यात तर एकही संपणार नाही, हे लिहून ठेवा!

प्रत्येक कामाची पिशवी वेगळी, आत एक चिठ्ठी: '१४ काउंट, २ पदर, डीएमसी ३२१'. लडीच्या दोऱ्याला ६ पदर असतात, त्यातले किती घेतले होते हे महिन्याभराने हमखास आठवत नाही. लडीवरचा नंबराचा कागदही फेकू नका.

उठताना रिंग काढाच, नाहीतर कापडावर गोल वळ पडतो आणि मळकट कडा सहज जात नाही. सुई नक्षीत खोचून ठेवू नका, विशेषतः पावसाळ्यात. गंजाचा डाग पडला की संपलं. तिची जागा कापडाच्या कडेला.

भरीव टाक्याचं पान मात्र एका बैठकीत पुरं करा. हाताची ओढ रोज बदलते, आणि ती पानावर लगेच दिसते.

तुमच्याकडे सध्या किती पिशव्या उघड्या आहेत?